मुळाशी भरणारा बाजार

फुलोऱ्यात आलेल्या भुईमुगाचं एखादं रोप खुरप्यानं अलगद, मातीच्या ढेकळासकट काढा. हिसका देऊन उपटू नका, कारण जे बघायचं आहे ते मातीतच तुटून राहील. ढेकूळ बादलीभर पाण्यात हळूहळू विरघळू द्या. मुळं स्वच्छ झाली की त्यांना चिकटलेल्या मोहरीएवढ्या गोल गाठी दिसतील. एक गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी निघेल, कधी तर चक्क लालसर.

हा रंग जवळपास रक्ताचाच आहे. आपल्या रक्तात हिमोग्लोबिन असतं, तर या गाठींत त्याचं चुलत भावंड शोभावं असं लेगहिमोग्लोबिन. दोघांच्या पोटात लोह आणि दोघांचं काम प्राणवायू धरून ठेवण्याचं. झाडाला रक्ताची गरज का पडावी? तर गाठीत राहायला आलेल्या भाडेकरूंसाठी. हे भाडेकरू म्हणजे रायझोबियम जातीचे जिवाणू. हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण त्याचे अणू जोडीजोडीनं एकमेकांना असे घट्ट बिलगलेले असतात की झाडाला त्याचा काडीचा उपयोग नाही. ही जोडी फोडायची हातोटी रायझोबियमकडे आहे. ज्या विकराच्या जोरावर तो हे करतो, ते विकर मात्र प्राणवायू लागला की नासतं. आणि प्राणवायूवाचून जिवाणूला श्वास घेता येत नाही! मग झाड मध्ये पडतं. लेगहिमोग्लोबिन प्राणवायूला धरून ठेवतं आणि मोजूनमापून जिवाणूंपर्यंत पोचवतं. श्वास चालतो, विकरही शाबूत राहतं.

खताच्या कारखान्यात हीच जोडी फोडायला सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापमान आणि हवेच्या नेहमीच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. रायझोबियम ते काम श्रावणातल्या ओल्या मातीत, मोहरीएवढ्या खोलीत बसून करतो. मला ही गोष्ट कितीही वेळा वाचली तरी नवीच वाटते.

म्हणून गाठीचा रंग बघायचा. गुलाबी असेल तर कामावर हजर. पांढरी असेल तर अजून कोवळी, नाहीतर नुसतीच जागा अडवून बसलेली. हिरवट झाली की तिचं काम संपत आलं. अमेरिकेतल्या इम्पॉसिबल फूड्स या कंपनीनं सोयाबीनच्या गाठीतलं हेच द्रव्य यीस्टकडून तयार करून घेतलं आणि मांस न घालता मांसाच्या चवीचा, तसाच लालसर दिसणारा बर्गर बाजारात आणला.

घरात शिरण्याच्या दोन तऱ्हा

हरभरा, मेथी, सोयाबीन यांच्या मुळांवर बारीक रोम असतात. योग्य जिवाणू जवळ आला की रोमाचं टोक छत्रीच्या मुठीसारखं वळतं आणि त्याला कवेत घेतं. तिथून आत जायला झाड एक नळीसारखी वाट करून देतं. भुईमुगाचा रिवाज वेगळा. बाजूची मुळं फुटताना सालीला जी बारीक चीर पडते, तिच्यातून जिवाणू आत येतात. म्हणूनच भुईमुगाच्या गाठी बऱ्याचदा मुळांच्या फाट्यांवर बसलेल्या दिसतात.

आणि कोणीही यावं, राहावं, असं मुळीच नाही. दोघांमध्ये आधी रसायनांची बोलणी होतात. मुळं एक द्रव्य सोडतात, जिवाणू त्याला आपल्या द्रव्यानं उत्तर देतात, ओळख पटली तरच दार उघडतं. हरभऱ्याच्या गाठीतला जिवाणू सोयाबीनच्या दारात उभा राहिला तर त्याला कोणी विचारत नाही. कृषी सेवा केंद्रात रायझोबियमचं पाकीट मागितलं की दुकानदार ‘कुठल्या पिकासाठी?’ असं विचारतो, ते याचसाठी.

बेवड

मराठी शेतकऱ्याकडे यासाठी केव्हापासूनच एक शब्द आहे: बेवड. आधीच्या पिकानं पुढच्या पिकासाठी रानात जे मागे ठेवलं, ते सगळं या तीन अक्षरांत येतं. हरभऱ्याचा बेवड चांगला, भुईमुगाचा बेवड चांगला, हे बांधावरचं ज्ञान. जर्मनीत हर्मान हेलरीगेल यांनी कडधान्यांच्या गाठींचा आणि हवेतल्या नत्राचा संबंध जाहीर केला तो १८८६ साली. नेदरलँड्सच्या मार्टिनस बायेरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा काढून वाढवला १८८८ साली. त्यांचं मोठेपण निर्विवाद आहे. पण कारण ठाऊक नसताना परिणाम अचूक टिपून त्याला नाव देणाऱ्यांचाही मान मला तेवढाच वाटतो.

एक बारकावा मात्र ध्यानात ठेवावा. गाठींनी कमावलेला बराचसा नत्र दाण्यात जातो आणि दाण्याबरोबर घरी येतो. रानात राहतात ती मुळं, गाठी आणि पाला. पालाही उचलून नेला किंवा पेटवून दिला, तर बेवडाचा मोठा हिस्सा त्याच्याबरोबर गेला.

एका रोपाची मुळं किती?

१९३७ साली अमेरिकेत हॉवर्ड डिटमर या संशोधकानं गव्हाच्या नात्यातल्या राय या धान्याचं एकच रोप घेतलं. फूटभर लांब-रुंद आणि दोन फुटांहून थोड्या कमी खोलीच्या पेटीत ते चार महिने वाढवलं. मग माती धुऊन मुळं मोजली. एकूण लांबी भरली ६२० किलोमीटरच्या वर, म्हणजे मुंबईहून निघून पणजी मागे टाकील एवढी. मुळांवरचे रोम सुमारे १,४०० कोटी. त्यांची जोडून लांबी १०,००० किलोमीटरच्या पुढे!

एवढ्या पसाऱ्याला लगटून जी मिलिमीटर-दोन मिलिमीटर माती असते, तिला १९०४ साली जर्मन शास्त्रज्ञ लोरेन्झ हिल्टनर यांनी रायझोस्फिअर असं नाव दिलं. बाजार भरतो तो इथे. बाकीच्या मातीपेक्षा इथली वस्ती कितीतरी दाट. एक ग्रॅम चांगल्या मातीत जिवाणूंची संख्या अब्जाच्या घरात जाऊ शकते, आणि मुळालगत तर झुंबड. कारण इथे साखर मिळते. पानांनी उन्हात राबून कमावलेल्या साखरेतला वाटा झाड मुळांतून मातीत सोडतं, जोडीला आम्लं, अमिनो आम्लं, चिकट द्रव. वरवर ही उधळपट्टी वाटेल, पण झाडाला त्याच्या मोबदल्यात नत्र, स्फुरद, लोह आणि रोगापासून राखण मिळते. साखर घ्या, स्फुरद द्या, असा रोकडा व्यवहार.

फुकट्यांना शिक्षा

बाजार म्हटला की लबाडी आली. गाठीत राहून साखर खायची आणि नत्र काही द्यायचं नाही, असं एखाद्या रायझोबियमनं ठरवलं तर? २००३ साली टोबी कियर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात हे तपासलं. सोयाबीनच्या काही गाठींभोवतीच्या हवेतून नत्र काढून टाकला आणि त्याजागी आर्गॉन भरला. बिचारे जिवाणू राबायला तयार होते, पण कच्चा मालच नव्हता. झाडाला एवढंच कळलं की या गाठीकडून काही येत नाही. त्यानं त्या गाठीचा प्राणवायू आवळला. तिथल्या जिवाणूंची वाढ कामसू गाठींच्या तुलनेत निम्म्यावर आली. डोळे नाहीत, मेंदू नाही, तरी गाठवार हिशेब चोख.

टारफुल्याची चोरी

आता बुरशीकडे वळू. प्रशियाच्या राजाला ट्रफल नावाच्या महागड्या भूछत्राची लागवड करायची होती, म्हणून आल्बर्ट फ्रांक या वनस्पतिशास्त्रज्ञाला कामाला लावलं. ट्रफलची शेती काही त्यांना साधली नाही, पण झाडांच्या मुळांना बुरशीचं वेढण असतं आणि ते रोगाचं लक्षण नाही, हे त्यांना दिसलं. १८८५ साली त्यांनी या जोडीला नाव दिलं मायकोरायझा. ग्रीक भाषेतले दोन शब्द, बुरशी आणि मूळ. आज जमिनीवरच्या सुमारे ७० टक्के वनस्पती जातींमध्ये मुळांच्या पेशींत शिरून राहणारी अशी बुरशी सापडते. तिचे तंतू मुळांच्या रोमांहूनही बारीक. स्फुरद मातीत जागचा हलत नाही. मुळानं आसपासचा स्फुरद संपवला की पुढचा आपणहून चालत येत नाही. बुरशीचे तंतू मात्र लांबवर जाऊन, बारीक फटींत शिरून तो घेऊन येतात.

ही सोयरीक किती जुनी? स्कॉटलंडमध्ये ऱ्हायनी नावाच्या गावापाशी सुमारे ४० कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचे वनस्पतींचे जीवाश्म दगडात हुबेहूब जपलेले आहेत. त्यांत ही बुरशी दिसते. त्यातल्या काही वनस्पतींना तर अजून खरी मुळंही फुटलेली नव्हती!

झाड-बुरशीच्या या व्यवहारात एक चोर आहे, आणि तो ज्वारी पिकवणाऱ्यांच्या चांगला ओळखीचा. टारफुला. ज्वारीच्या ताटांच्या बुडाशी उगवणारं हे छोटं तण आपली मुळं ज्वारीच्या मुळांत रोवून तिचा रस पितं. त्याचं बी धुळीसारखं बारीक असतं आणि मातीत वर्षानुवर्षं निपचित पडून राहतं. पाऊस आला तरी उगवत नाही. ज्वारीचं मूळ जवळ आलं की मगच जागं होतं. त्याला कसं कळतं? मुळं एक द्रव्य सोडतात म्हणून. कापसाच्या मुळांतून निघणारं असं द्रव्य १९६६ साली शास्त्रज्ञांच्या हाती लागलं. टारफुल्याचं शास्त्रीय नाव स्ट्रायगा, म्हणून या द्रव्याचं नाव पडलं स्ट्रायगॉल.

पण मग कोडं पडलं. जे द्रव्य शत्रूला उठवतं, ते झाडानं सोडावंच का? जवळपास चाळीस वर्षं हे कोडं तसंच राहिलं. २००५ साली जपानच्या कोहकी अकियामा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हे आवतण मायकोरायझा बुरशीला असतं. हे द्रव्य भेटलं की बुरशीचे तंतू भराभर फांद्या फोडत मुळाकडे येतात. स्फुरदाची चणचण असेल तेव्हा झाड ही हाक जास्त जोरानं मारतं. टारफुला ती हाक चोरून ऐकतो. हलक्या, उपाशी रानात टारफुला जास्त माजतो, त्याची संगतीही इथे लागते.

जाता जाता, या बाजाराकडे न फिरकणारी काही मंडळीही आहेत. मोहरी, कोबी, मुळा या घराण्याला मायकोरायझा बुरशी लागत नाही. पालक आणि बीटही सहसा तिच्यापासून दूरच.

आमरी आणि सुरू

सह्याद्रीत पावसाळ्याच्या तोंडी झाडांवरून लोंबणारी सीतेची वेणी पाहिली असेल. ही एक आमरी, म्हणजे ऑर्किड. आमरीचं बी इतकं हलकं की त्यात अन्नाचा साठाच नाही. एका बोंडात हजारो, काही जातींत लाखोंनी बिया. रुजायच्या तर योग्य बुरशी भेटायलाच हवी. तीच कोवळ्या अंकुराला भरवते. फ्रान्सच्या नोएल बेर्नार यांनी १८९९ साली हे ओळखलं, तोवर आमरीचं बी पेरून रोप का येत नाही म्हणून युरोपातले माळी हैराण होते.

कोकणच्या किनाऱ्यावरची सुरूची बनं तर सगळ्यांनीच पाहिलेली. नुसत्या वाळूत, खाऱ्या वाऱ्यात हे झाड एवढं उंच जातं कसं? सुरू काही कडधान्यांच्या नात्यातला नाही, तरी त्याच्या मुळांवरही नत्राच्या गाठी असतात. त्यात रायझोबियमऐवजी फ्रँकिया नावाचा जिवाणू राहतो.

जपानी भाताचा रोग, नाशिकची द्राक्षं

मला या साऱ्या गोष्टींत सर्वांत आवडती ही.

जपानी शेतकऱ्यांना भाताच्या एका रोगानं फार त्रास दिला होता. रोप अचानक शेजाऱ्यांपेक्षा उंच वाढायचं, पिवळं पडायचं, शेवटी कोलमडायचं. दाणा धरायचाच नाही. त्याला ते ‘बाकानाए’ म्हणत, म्हणजे वेडं रोप. १९२६ साली तैवानमध्ये काम करणाऱ्या एइइची कुरोसावा यांनी यामागची बुरशी वेगळी वाढवली आणि ती गाळून काढून उरलेलं पाणी निरोगी रोपांना दिलं. रोपं तशीच भसाभस उंच झाली. म्हणजे बुरशी काहीतरी द्रव्य सोडत होती. १९३५ साली तेइजिरो याबुता यांनी त्या द्रव्याला नाव दिलं जिबरेलिन. पुढे कळलं की असं द्रव्य झाडं स्वतःही बनवतात, वाढीसाठी, अंकुरण्यासाठी. बुरशीनं झाडाची भाषा शिकून घेतली होती आणि त्याच भाषेत ती त्याला ‘वाढ, वाढ’ म्हणून उचकवत होती.

आता नाशिक, सांगली, सोलापूरच्या द्राक्षबागेत या. थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश या बिनबियांच्या जाती. मणी लांब व्हावा, फुगावा म्हणून बागायतदार घड ज्या द्रावणात बुडवतो त्याला तो म्हणतो ‘जीए’. हे जीए म्हणजेच जिबरेलिक ॲसिड. द्राक्षाच्या आतली बी एरवी हे द्रव्य पुरवते. बी नसली की मणी बारीकच राहतो, म्हणून बाहेरून द्यायचं. आणि ते बनतं कसं? मोठमोठ्या टाक्यांत त्याच ‘वेड्या रोपा’च्या बुरशीला वाढवून. भाताला आडवं करणारी बुरशी द्राक्षाच्या मण्याला आकार देते. डिपिंगच्या दिवसांत बादली घेऊन ओळीतून फिरणाऱ्या मजुराच्या हातात शंभर वर्षांची ही कथा असते.

उसाच्या कांड्यातले पाहुणे

योहाना डोबेरायनर हे नाव आपल्याकडे जास्त ठाऊक असायला हवं. मध्य युरोपात जन्मलेली ही बाई १९५० साली ब्राझीलला गेली आणि आयुष्यभर मातीतल्या जिवाणूंवर काम करत राहिली. ब्राझीलचं सोयाबीन नत्र खताच्या पोत्यांवाचून, रायझोबियमच्या भरवशावर उभं राहिलं त्यामागे तिचा मोठा वाटा आहे. १९८८ साली तिनं आणि सहकाऱ्यानं उसाच्या आत राहणारा एक नत्र बांधणारा जिवाणू जगापुढे आणला. गाठीबिठी काही नाही, थेट मुळाखोडाच्या आत, गोड रसात मुक्काम. बहुतेक जिवाणूंना सोसणार नाही एवढी दाट साखर त्याला मानवते.

त्याचं शास्त्रीय नाव पुढे बदललं, पण आपल्या ऊसपट्ट्यात तो आजही अ‍ॅसिटोबॅक्टर म्हणूनच ओळखला जातो. लागणीआधी १०० लिटर पाण्यात १० किलो अ‍ॅसिटोबॅक्टर आणि सव्वा किलो स्फुरद विरघळवणारे जिवाणू कालवून त्यात टिपऱ्या अर्धा तास बुडवायच्या, ही शिफारस उसाच्या बेणेप्रक्रियेत ठरलेली.

गाठीवाचून नत्र बांधणारे पाहुणे उसाकडेच येतात असं नाही. मेक्सिकोत, ओहाकाच्या डोंगराळ मिहे भागात, मक्याचा एक जुना वाण आहे. तो पाच मीटरपर्यंत उंच जातो आणि जमिनीपासून बराच वर, ताटावर बोटांएवढ्या जाड मुळांची वलयं फुटतात. पावसाळ्यात या मुळांतून चकाकणारी चिकट लाळ टपकते. तिच्यात साखर असते, आणि नत्र बांधणारे जिवाणू. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की या मक्याच्या नत्रातला २९ ते ८२ टक्के वाटा हवेतून आलेला होता. मक्यासारख्या खादाड पिकानं हवेवर एवढं भागवावं! तिथले शेतकरी हा वाण पिढ्यान्‌पिढ्या जपत आले होते.

उपवासाचं रताळं

एकादशीला रताळ्याच्या चकत्या तुपात परतताना हे सांगा, घरातले सगळे थांबून ऐकतील. मातीत अ‍ॅग्रोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू असतो. तो झाडाच्या जखमेतून शिरतो आणि आपल्या जनुकांचा एक तुकडा झाडाच्या पेशीत घुसवतो. मग झाडावर गाठोडं वाढतं आणि त्यात झाड या जिवाणूसाठी खास जेवण शिजवू लागतं. २०१५ साली शास्त्रज्ञांनी लागवडीखालच्या रताळ्याचे २९१ नमुने तपासले. सगळ्यांत या जिवाणूचे जनुक सापडले. हजारो वर्षांपूर्वी, अमेरिका खंडात, माणसाच्या हाताशिवाय ही उचलाठेव होऊन गेली होती.

शास्त्रज्ञांनी पुढे याच जिवाणूला हमाल केलं. २००२ साली भारतात आलेल्या बीटी कपाशीत बोंडअळीला मारणारं जनुक बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जिवाणूचं, आणि ते कपाशीत नेऊन ठेवणाराही मातीतलाच, अ‍ॅग्रोबॅक्टेरियम.

तिघांचा संसार

अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात गरम झऱ्यांच्या काठी एक साधं गवत उगवतं. तिथली माती इतकी तापलेली की तिथे दुसरं काही टिकत नाही. या गवताच्या आत एक बुरशी राहते. गवत एकटं किंवा बुरशी एकटी ३८ अंशांच्या वर तग धरत नाही, पण दोघं मिळून ६५ अंशांची माती सोसतात. कथा इथे संपली असती तरी पुरे होतं. पण २००७ साली मॅरिलिन रूसिंक आणि सहकाऱ्यांनी त्या बुरशीच्या आत एक विषाणू शोधला. विषाणू काढून टाकला, की गवत-बुरशीची जोडी उष्णतेपुढे हरते. परत घातला, की पुन्हा उभी राहते. गवतात बुरशी, बुरशीत विषाणू, आणि तिघं असतील तरच संसार.

आपल्याकडचीही एक बुरशी अशीच नावाजली. थरच्या वाळवंटात झुडपांच्या मुळांजवळ सापडलेल्या या बुरशीचं वर्णन १९९८ साली अजित वर्मा आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलं. नावातच ‘इंडिका’ आहे. मायकोरायझाच्या उलट, ती प्रयोगशाळेत झाडावाचूनही वाढते, आणि मायकोरायझाला दार न उघडणारं मोहरीचं घराणंही हिला आत घेतं.

मृद्‌गंध आणि पिंपरी

पहिल्या पावसाचा वास कोण सोडतं? मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिस हे मातीतले जिवाणू. त्यांच्या जिओस्मिन या द्रव्यासाठी आपलं नाक विलक्षण तीक्ष्ण आहे. एक लाख कोटी थेंब पाण्यात त्याचे पाच-दहा थेंब असले तरी आपल्याला ते कळतात. पण जिवाणू माणसासाठी कशाला सुगंध सांडेल? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानं एक सुंदर उत्तर दिलं. मातीत तिळापेक्षा लहान, उड्या मारणारे स्प्रिंगटेल नावाचे जीव असतात. ते या वासामागे येतात, जिवाणू खातात आणि जाताना अंगाला चिकटलेले, पोटातून गेलेले बीजाणू दूरवर पेरतात. फूल आणि मधमाशीसारखाच प्रकार, फक्त अंधारात.

याच स्ट्रेप्टोमायसिसनी माणसांना क्षयरोगातून उठवलं. १९४३ साली न्यू जर्सीत, सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत, आल्बर्ट शॅट्झ या तरुण विद्यार्थ्यानं स्ट्रेप्टोमायसिन शोधलं. १९५२ सालचं नोबेल मात्र एकट्या वॅक्समन यांना मिळालं. शॅट्झवर तो अन्यायच झाला, असं माझं मत आहे.

आणि पिंपरी? १९५४ साली तिथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तिथल्या संशोधन विभागात एम. जे. तिरुमलाचार यांच्या चमूनं बुरशीवरचं हॅमायसिन हे औषध शोधलं. ते देणाऱ्या जिवाणूचं शास्त्रीय नाव आहे स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. जगभरच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या पुस्तकात आपलं पिंपरी असं जाऊन बसलं आहे. त्याच कारखान्यातून ऑरिओफंजिन आलं, पिकांच्या बुरशीजन्य रोगांवरचं.

बुरशीवर बुरशी

आलं, हळद, हरभरा करणाऱ्याला ट्रायकोडर्मा सांगायला नको. कंदकूज आणि मर यांच्यामागच्या बुरशांना विळखा घालून खाणारी ही बुरशी. तिची एक बहीण दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराला सॉलोमन बेटांवर भेटली. सैन्याचे सुती तंबू आणि कपडे ती फस्त करत होती. शास्त्रज्ञांनी तिला पकडून नीट सांभाळलं, कारण सुती धागा विरघळवणारं विकर तिच्यासारखं कोणी बनवत नव्हतं. आज जीन्सला जुनेर, मऊ रूप देण्यासाठी वापरलं जाणारं विकर या घराण्याच्या बुरशीकडून मिळतं.

पानावरचा गुलाबी ठसा, बियांतलं विरजण

सूक्ष्मजीव मुळाशीच असतात असं नाही. झाडाचं पान वाढताना अगदी थोडं मिथेनॉल बाहेर टाकतं. ते खाऊन जगणारे मिथायलोबॅक्टेरियम जिवाणू पानभर पसरलेले असतात, आणि ते गुलाबी असतात. मिथेनॉल घातलेल्या पोषक थरावर पान नुसतं दाबून उचललं तर काही दिवसांत थरावर पानाचा गुलाबी ठसा उमटतो, शिरांसकट.

आणि बी? घरचं विरजण जसं आईकडून लेकीकडे जातं, तसे काही जिवाणू बियाण्याच्या आत बसून एका पिढीतून पुढच्या पिढीत जातात. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात २०११ साली मक्याचे आधुनिक वाण आणि त्याचा रानटी पूर्वज टिओसिंटे यांच्या बिया ताडून पाहिल्या. काही जिवाणू त्या साऱ्या प्रवासात टिकून राहिलेले दिसले. माणसानं निवडून निवडून दाण्याचं रूप पार पालटलं, आत विरजण मात्र जुनंच.

जूनमध्ये पेरणीची लगबग सुरू झाली की ओसरीवर गोणपाट पसरलं जातं. त्यावर सोयाबीन किंवा तूर. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी लागतं आणि जिवाणू सर्वांत शेवटी, नाहीतर औषधच त्यांना मारतं. १० ते १५ किलो बियाण्याला रायझोबियमचं २५० ग्रॅमचं एक पाकीट. त्याआधी पाकिटावरची तारीख बघायची, कारण आत कोट्यवधी जीव आहेत आणि ते उन्हात ठेवलेल्या पाकिटात फार दिवस जगत नाहीत. गुळाचं पाणी उकळून गार केलेलं असतं. त्यात पाकीट कालवून बियाण्यावर शिंपडतात आणि साल सोलवटणार नाही अशा हलक्या हातानं चोळतात. मग सावलीत सुकवून लगेच पेरणी. गूळ जिवाणूंना बियाण्याला चिकटवून धरतो, आणि रोपाला मूळ फुटून पहिली साखर मिळेपर्यंत तीच त्यांची शिदोरी.